आई-बाबा दोघेही कामावर, घरी लहान मूल: झोप, जेवण आणि जवळीक

तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आई-बाबा दवाखान्यात येतात. तक्रार ठरलेली असते: "डॉक्टर, हा काहीच खात नाही." वजन वयाच्या मानाने थोडे कमी, पापण्या आतून फिकट, शी कडक होते, सकाळी उठवताना रोज रडारड. तपासून मोठा आजार सापडत नाही. मग मी विचारते, रात्री किती वाजता झोपतो? आई बाबांकडे बघते. "अकरा, साडेअकरा. बाबा येईपर्यंत झोपतच नाही." आणि जेवतो कसा? "मोबाइल लावला की जेवतो."

अशा वेळी टॉनिकची बाटली लिहून देणे सोपे असते, आणि बहुतेक पालकांची अपेक्षाही तीच असते. पण न खाणे, उशिरा झोपणे, मोबाइल आणि चिडचिड या चार वेगळ्या तक्रारी नसतात. दिवसभर न भेटलेल्या आई-बाबांना मूल रात्री भेटू पाहते. आई-बाबांनाही त्याला भेटायचे असते. ही भेट नेमकी जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेवर येऊन आदळते, आणि मग प्रेमापोटीच दोन्ही बिघडतात. हा लेख त्या दोन-तीन तासांबद्दल आहे. तो साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आई नोकरी करते म्हणून मूल अशक्त किंवा हट्टी होते, असे मानू नका. आई दिवसभर घरी असलेली मुलेही टीव्हीसमोर बसून जेवताना मी रोज पाहते. आणि "तुम्ही नोकरी करता म्हणून असे होते का?" हा प्रश्न आजवर एकाही बाबांनी मला स्वतःबद्दल विचारलेला नाही. तो आईच विचारते.

रात्री साडेअकरापर्यंत जागणारे मूल

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी झोप, खेळ आणि स्क्रीन यांबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून 11 ते 14 तास, तर 3 ते 4 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप हवी. यात दुपारची झोपही धरली आहे.

आता घरचा हिशोब करा. मूल साडेअकराला झोपले आणि शाळेसाठी सात वाजता उठवले, तर रात्रीची झोप साडेसात तास. पाळणाघरात दीड-दोन तास झोपले तरी बेरीज साडेनऊच्या आसपास जाते. म्हणजे रोज किमान अर्धा-पाऊण तास उधारी. झोप कमी पडलेले मोठे माणूस पेंगते. लहान मूल उलट जास्त धावते, ओरडते, क्षुल्लक कारणावरून लोळण घेते. "रात्री दहानंतर तर याला जास्तच चेव येतो, अजून दमलेला नाही," असे पालक म्हणतात. तो दमलेलाच असतो.

सकाळी भूक न लागण्याचे कारणही बऱ्याचदा इथेच असते. रात्री साडेदहाला जेवलेले, वर दूध प्यायलेले मूल सातला उठून पोहे खाईल कसे?

यावर उपाय करताना झोपण्याच्या वेळेपासून सुरुवात करू नका, उठण्याच्या वेळेपासून करा. रोज एकाच वेळी उठवा, रविवारीही फार तर अर्धा-एक तास उशिरा. पाळणाघरात दुपारी किती वाजेपर्यंत झोपवतात ते विचारा. अनेक ठिकाणी मुले पाचपर्यंत झोपलेली असतात, आणि पाचला उठलेले मूल नऊला झोपणार नाही. साडेतीनच्या सुमारास उठवायची विनंती करा. मग रात्रीची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे मागे आणा. साडेअकरावरून साडेनऊवर यायला महिना लागतो. एका आठवड्यात होईल अशी अपेक्षा ठेवली, की चौथ्या दिवशी सगळे सोडून दिले जाते.

झोपायच्या आधीचा अर्धा तास रोज सारखाच असावा: कोमट पाण्याने हातपाय धुणे, दात घासणे, दिवा मंद करणे, अंथरुणात एक गोष्ट. गोष्ट रोज तीच असली तरी चालते. मुलांना तीच हवी असते. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने मूल शांत होते. आणि दिवसभरातले सर्वांत मोकळे बोलणे याच अंधुक उजेडात होते. शाळेत कोणी ढकलले, ताई कुणावर ओरडल्या, हे जेवणाच्या टेबलावर विचारून कळत नाही, इथे आपोआप कळते.

आता मुख्य अडचण. बाबा किंवा आई दहा वाजता घरी पोहोचतात. कल्याण-डोंबिवलीहून रोज मुंबई गाठणाऱ्या किंवा पुण्यात हिंजवडीच्या रहदारीत अडकणाऱ्या घरांना "लवकर या" असा सल्ला देण्यात अर्थ नाही. अशा घरांना मी सांगते, की भेट सकाळी हलवा. उशिरा येणाऱ्या पालकाने सकाळची तीस-चाळीस मिनिटे घ्यावीत: मुलाला उठवणे, आंघोळ, नाश्ता, शाळेच्या बसपर्यंत सोडणे. मूल नऊ वाजता झोपले तर सकाळी हसत उठते, आणि त्या वेळी बाबांना जे मूल भेटते, ते रात्री अकराच्या चिडलेल्या मुलापेक्षा फार वेगळे असते. पहिले काही दिवस "बाबा कुठे?" म्हणून रडणे होईल. झोपण्यापूर्वी दोन मिनिटांचा फोन केला तर चालेल. बाबांनीही आल्यावर दिवा लावून पापी घेण्याचा मोह टाळावा. हे लिहिताना मला कळते आहे, की हा सल्ला पाळणे सर्वांत कठीण आहे. निवासी डॉक्टर असताना मीही झोपलेल्या मुलीला उठवले आहे.

मोबाइल लावला की जेवतो

जेवताना मूल चार गोष्टी शिकत असते: भूक लागली आहे, पोट भरले आहे, हा पदार्थ कसा लागतो, आणि घरातली माणसे कशी जेवतात. मोबाइल समोर असताना यातले काहीच शिकणे होत नाही. घास आत जातो, पण मुलाचे लक्ष नसते. काही मुले गरजेपेक्षा जास्त खातात, काही घास तासभर गालात धरून बसतात. मोबाइल काढला की तोंड बंद होते, कारण त्याच्या दृष्टीने जेवण म्हणजे मोबाइलचाच भाग झालेला असतो.

पूर्वी चिऊ-काऊचे घास भरवायचे, तेही लक्ष वेधूनच, मग त्यात आणि यात फरक काय, असे एका आजींनी मला विचारले होते. प्रश्न रास्त होता. फरक असा, की तिथे भरवणारे माणूस मुलाकडे पाहत असे आणि मूल त्या माणसाकडे. मान फिरवली, ओठ मिटले, की पोट भरल्याचे समजत असे. मोबाइलसमोर हे दोघेही एकमेकांकडे पाहत नाहीत.

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली कामाची वाटणी मी बहुतेक पालकांना समजावते. काय द्यायचे, कधी द्यायचे आणि कुठे बसून खायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने. वीस-तीस मिनिटांत ताट उचलायचे, रागावायचे नाही, आणि त्यानंतर बिस्किट किंवा चिप्स द्यायचे नाहीत. पुढच्या वेळेला पुन्हा साधे जेवण. नवा पदार्थ एकदा थुंकला म्हणून "याला पालक आवडत नाही" असा शिक्का मारू नका. दहा-पंधरा वेळा थोडा थोडा समोर यावा लागतो, तोही घरातली मोठी माणसे तोच पदार्थ खात असताना.

घरचे रात्रीचे जेवण दहाला होत असेल तर मुलाला तोवर ताटकळत ठेवू नका. सात-साडेसातला त्याला जेवू द्या, पण एकटे नको. जो कोणी घरी आहे, आई, आजोबा, सांभाळणारी ताई, त्याने स्वतःचीही वाटी घेऊन शेजारी बसावे. चार घास खाल्ले तरी पुरे. सगळे एकत्र बसणे आठवड्यातून रोज जमत नसेल, तर रविवारचा नाश्ता तरी टीव्ही बंद ठेवून एकत्र करा.

स्वयंपाकाचा वेळ हाही प्रश्न असतो. मुलासाठी वेगळे शिजवायची गरज नसते. तिखट घालण्यापूर्वी काढून ठेवलेली डाळ, मऊ भात, तूप, लिंबू हे उत्तम जेवण आहे. उकडलेले अंडे, दही-भात, भाज्या किसून घातलेले थालीपीठ, नाचणीची भाकरी किंवा सत्त्व, उसळ, केळे, चिकू यांना फार वेळ लागत नाही. शेंगदाणे मात्र कुटूनच द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे श्वासनलिकेत अडकू शकतात. पाच वर्षांपर्यंत देऊ नका.

दूध, चहा-बिस्किट आणि येताना आणलेला खाऊ

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांपैकी 67.1 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 68.9 टक्के होते. म्हणजे हा फक्त गरीब घरांचा प्रश्न राहिलेला नाही. चांगले पगार असलेल्या घरांतही मला तो दिसतो, आणि तिथे त्याचे एक मोठे कारण म्हणजे दूध.

जेवण नाही गेले, निदान दूध तरी जाऊ दे, असे म्हणून दिवसातून तीन-चार बाटल्या दिल्या जातात. दुधात लोह फारच कमी असते, शिवाय ते जेवणातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणते आणि पोट भरून टाकते. एका वर्षानंतर दिवसाला 400 ते 500 मिलीपेक्षा जास्त दूध नको, आणि तेही कपातून. झोपताना तोंडात बाटली राहिली तर पुढचे दात किडतात. चहाही बंद करा, चमचाभर, बिस्किट बुडवण्यापुरताही. चहामुळे लोह शोषले जात नाही आणि गोडाची सवय लागते. उसळ किंवा पालेभाजीवर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते.

शासनाच्या कार्यक्रमात 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोह-फोलिक आम्लाचे सिरप देतात. आशाताई किंवा अंगणवाडीत चौकशी करा. मूल आधीच फिकट दिसत असेल तर हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांनी ठरवलेले डोस लागतात. दुकानातून आपणच टॉनिक आणू नका. आणि सिरपची बाटली उंचावर ठेवा. जास्त लोह पोटात गेल्यास मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता खाऊबद्दल. दिवसभर दूर राहिल्याची भरपाई म्हणून रोज येताना चॉकलेट, वेफर्स, ज्यूसचा डबा आणला जातो. हे कोणी हट्टाने करत नाही, ते अपराधीपणातून येते. पण मूल दोन आठवड्यांत शिकते, की दार वाजले की आईकडे नव्हे, पिशवीकडे पाहायचे. आणि सातच्या चॉकलेटने आठचे जेवण जाते. खाऊ आणायचाच असेल तर पिशवीतून पेरू निघू दे, राजगिऱ्याची वडी निघू दे, रस्त्यात सापडलेले मोठे पान निघाले तरी चालते. दोन वर्षांखालील मुलांना वरून साखर घातलेले पदार्थ देऊच नयेत.

घरी आल्यावरची पहिली दहा मिनिटे

पाळणाघरातल्या ताई सांगतात, दिवसभर शहाण्यासारखा होता. आई दिसताच तोच मुलगा चप्पल फेकतो, रडतो, मारतो. आईला वाटते, मूल आपल्यावर रागावले आहे किंवा दुरावले आहे. खरे कारण बरोबर उलटे असते. दिवसभर मुलाने स्वतःला सावरून धरलेले असते, आणि जिच्याजवळ सुरक्षित वाटते तिच्यापाशी तो बांध फुटतो.

अशा वेळी कुकर लावायची घाई असते हे मला माहीत आहे. तरीही हात-पाय धुऊन पहिली दहा मिनिटे जमिनीवर बसा. फोन दुसऱ्या खोलीत. काही शिकवू नका, "आज काय शिकलास" असे विचारू नका, त्याला जे करायचे आहे त्यात सामील व्हा. दहा मिनिटे पोट भरून मिळाली, की मूल बहुधा स्वतःच्या खेळाला लागते. ती न देता थेट ओट्याकडे गेलात, तर पुढचा तासभर ते पायाला लोंबकळते, आणि मग गप्प बसवायला मोबाइल द्यावा लागतो. नंतर त्यालाही ओट्याजवळ घ्या. तीन वर्षांचे मूल मटार सोलते, मेथी निवडते, कणकेचा गोळा वळते. भाजी निवडणारे मूल ती भाजी चाखण्याची शक्यताही वाढते.

स्क्रीनबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची 2021 ची सूचना अशी आहे: दोन वर्षांपर्यंत अजिबात नको, फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. जेवताना आणि झोपण्यापूर्वीचा तासभर बंद. पालकांचा स्वतःचा फोन हा या सूचनेत न मावणारा भाग आहे. दर दोन मिनिटांनी स्क्रीनकडे वळणाऱ्या चेहऱ्याशी लहान मूल बोलायचा प्रयत्न सोडून देते. ऑफिसचे काम खरेच असेल तर तसे सांगून आत जाऊन करा. अर्धे इथे, अर्धे तिथे असे बसण्यापेक्षा ते बरे.

आजी-आजोबा, पाळणाघर आणि कायदा

मूल आजी-आजोबांकडे राहत असेल तर पन्नास नियमांची यादी त्यांच्या हाती देऊ नका. दोनच गोष्टी ठरवा: जेवताना टीव्ही नाही, आणि संध्याकाळी पाचनंतर बिस्किट-दूध नाही. बाकी लाड होऊ देत. सत्तरीतल्या माणसाला गुडघे दुखत असताना दोन वर्षांच्या मुलामागे धावायला लावून वर टीव्ही लावला म्हणून टोचणे बरे नव्हे. शक्य असल्यास दुपारी दोन तास मदतीला कोणी ठेवा.

पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या चित्रांपेक्षा मुले किती आणि सांभाळणाऱ्या किती, ते विचारा. संडास आणि हात धुण्याची जागा पाहा. न सांगता एकदा दुपारी जा.

मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. तिथे आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येते. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुटीची तरतूद तर आधीपासूनच आहे. कामावर परतताना मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. बऱ्याच जणींना हे माहीत नसते, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

तुमचे स्वतःचे शरीर

मुलाचे उरलेले ताटातले खाऊन उभ्याउभ्या जेवण उरकणाऱ्या आईला मी हमखास तिचे हिमोग्लोबिन विचारते. त्याच पाहणीत देशातील 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. सततचा थकवा, धाप, केस गळणे, लहान कारणावरून मुलावर ओरडणे, यामागे कमी रक्त किंवा थायरॉइडचा त्रास असू शकतो. "मी चिडकी झाले आहे" असे स्वतःला दूषण देण्याआधी रक्त तपासून घ्या.

मोठ्यांनाही रोज सात तास झोप लागते. मूल झोपल्यावर "आता माझा वेळ" म्हणून एक वाजेपर्यंत फोन पाहणे मला समजते, पण ते दुसऱ्या दिवशीच्या संयमातून वजा होते. व्यायामशाळा जमत नसेल तर मुलाला घेऊन अर्धा तास बागेत किंवा सोसायटीच्या आवारात जा. पळापळीत तुमचाही व्यायाम होतो. लहान मुलांना तर दिवसभरात मिळून तीन तास हालचाल हवी असते.

घरातली कामे वाटताना "मदत" हा शब्द टाळा. बाबांकडे एक काम संपूर्ण द्या. समजा आंघोळ: पाणी, टॉवेल, नखे, कपडे, सगळे. अर्धे काम सोपवून उरलेले आईच्या डोक्यात राहिले तर तिचा भार कमी होत नाही. आणि बाबांनी टॉवेल उलटा घडी केला तरी गप्प बसा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, मुलाला मारण्याची किंवा स्वतःला इजा करण्याची भीती वाटत असेल, तर हे दमणे नाही, आजार आहे आणि तो बरा होतो. टेलीमानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. बाबांनाही हे लागू आहे.

डॉक्टरांना कधी दाखवावे

वेळा आणि सवयी बदलून सगळेच सुटत नाही. वजन तीन-चार महिने वाढले नसेल, मूल फिकट असेल, माती किंवा खडू खात असेल, झोपेत रोज घोरत असेल किंवा श्वास मध्येच अडखळत असेल, तर वाट पाहू नका. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांला दोन शब्द जोडत नसेल, किंवा आधी येत असलेले बोलणे बंद झाले असेल, तर "आम्ही नोकरीला असतो, बोलायला कोणी नाही म्हणून" असे समजून थांबू नका. श्रवण आणि विकासाची तपासणी करून घ्या. पाळणाघर किंवा घर सांभाळणाऱ्या व्यक्तीबद्दल मूल एकाएकी घाबरू लागले, अंगावर न उलगडणारे वळ दिसले, तर त्याच दिवशी दाखवा.

येताना फाइलसोबत एक कागद आणा. तीन दिवस मूल किती वाजता उठले, झोपले, काय आणि किती खाल्ले-प्यायले, स्क्रीन किती वेळ पाहिली, एवढेच त्यावर लिहा, आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही लिहायला सांगा. दुधाच्या बाटल्या मोजायला विसरू नका.